शालिकराम, नाव क्रमांक एक

मी घाटावर चहा-भज्याचं दुकान चालवते. माझ्या बाकड्यावर बसून डोंग्याची वाट पाहणारा माणूस जसा असते तसा दिसते, तिथं त्याले सोंग करता येत नाही. चोर पाहिले, दारुडे पाहिले, बायकोले मारणारे पाहिले, अन् त्यातल्या एखाद्याची मले कधीमधी कीवही आली. शालिकराम मुनशीची मात्र कधी आली नाही. तो चोर नव्हता. दारूले शिवत नव्हता. बायकोवर त्यानं हात उचललेला मी पाहिला नाही. त्याले फक्त "चुकलं माझं" एवढं म्हणता येत नव्हतं. तुम्ही म्हणान, एवढंच? हौ, एवढंच. पण त्या एवढ्यापायी त्यानं जे केलं ते ऐका, अन् मंग मले सांगा मी उगाच दात खाते का.

आमचा घाट वैनगंगेवर, बालाघाटच्या खालच्या अंगाले. इकडं आमची वस्ती, पलीकडं वारासिवनीच्या बाजूची गावं. घाटावर सरकारचे दोन मोठे डोंगे होते, अन् ते वल्हवाले दोन नावाडी, तेजराम अन् महागू. त्या दोघांवर हा मुनशी. त्याचं काम काय, तं तिकीट फाडणं अन् शिटी वाजवणं. शिटी वाजवल्याशिवाय डोंगा सोडाचा नाही असा त्याचा कायदा. पाणी शांत, लोकं बसलेले, तेजराम बांबू रोवून उभा, अन् हा आपला शिटी शोधून राह्यला खिशात. लोकं उन्हात करपले तरी चालंन, शिटी पाहिजे.

त्याची बायको कमला. पलीकडच्या गावची पोरगी. तिचं माहेर घाटावरून दिसते, ते उंच चिंचेचं झाड आहे ना, त्याच्या बुडाशी. सकाळी पाण्याले आली की आधी तिकडं पाहाची अन् मंग घागर बुडवाची. माझी अन् तिची लय गट्टी. तोंडानं कमी, पण जे बोलंन ते नेमकं.

छप्पन सालापर्यंत आमचं राज नागपूरचं होतं. तेव्हा शालिकराम नागपूरच्या गोष्टी सांगाचा, जसा काही भोसल्याच्या मांडीवर वाढला. मंग राज गेलं भोपाळकडं, अन् हा एका रात्रीत भोपाळचा झाला. मराठी चौथी शिकलेला माणूस, पण हिंदीशिवाय बोलाचं नाही म्हणे आता. आम्ही सगळेच इथं अर्धी हिंदी अर्धी मराठी बोलतो, त्यात काय मोठं? पण याची हिंदी सरकारी! घरातही तेच. एक दिवस मी कमलाच्या घरी बसली होती तं हा आला अन् म्हणते, "कमला, खाना लगाओ."

कमला म्हणाली, "लावू कुठं? भिंतीले?"

मी हसून हसून बेजार. तो मात्र फुगून बसला.

आता चौसष्ट सालची गोष्ट. तोपर्यंत आमचा घाट रस्त्याच्या खात्यात होता. हे मले पटतही होतं. रस्ता इकडं संपते अन् पलीकडून सुरू होते, मधातलं पाणी म्हणजे रस्त्याचाच तुकडा. पण वर कोणाच्या तरी डोक्यात आलं, का पाणी हे रस्त्यात कसं मोजता? म्हणून त्याईनं एक नवं खातं काढलं. नौवहन विभाग! म्हणजे जहाजाचं, नावाचं खातं. समुद्र इथून किती दूर ते आमच्या घाटावरच्या कोणाले माहीत नव्हतं, कारण कोणी पाहिलाच नव्हता. पण खातं आलं समुद्राचं, अन् आमचे दोन डोंगे त्याच्यात जाणार होते.

शालिकरामचे पाय जमिनीवर राह्यले नाही. वारासिवनीच्या शिंप्याकडून त्यानं पांढरी टोपी शिवून आणली. टोपीवर जहाजाचा लंगर, म्हणजे जहाज थांबवाचा लोखंडी आकडा, काढून मांगितला. शिंप्यानं लंगर पाहिला असंन तं काढंन ना बिचारा! ह्यानंही पाहिला नव्हता. ह्यानं हात हलवून हलवून समजावलं, अन् शिंप्यानं समजलं तसं काढलं. तो निघाला विंचू. नांगी वर केलेला काळा विंचू कपाळावर घेऊन हा घाटावर फिराचा अन् तेजरामले म्हणाचा, "आता मले मुनशी नोको म्हणत जाऊ. कप्तान म्हण."

तेजराम म्हणाला, "हौ मुनशीजी."

मंग आला हुकूम. शालिकरामनं तो माझ्या बाकड्यावर उभा राहून सगळ्याईले वाचून दाखवला. हिंदीत होता. "घाट की नावें नौवहन विभाग को सौंप दी जाएँ और उनकी सूची शीघ्र भेजी जाए." वाचून झाल्यावर त्यानं टोपी नीट केली अन् म्हणाला, "ऐका. भोपाळवाले आपली नावं मांगून राह्यले."

तेजराम म्हणाला, "मुनशीजी, नाव म्हणजे डोंगा असंन. ते डोंगे मांगून राह्यले."

"हिंदी तुले समजते का मले? डोंग्याले सरकारी हिंदीत नौका म्हणते. म्हणून तं खातं नौवहन. डोंगे पाहिजे असते तं नौका लिहिलं असतं. इथं काय लिहिलं? नावें. म्हणजे नावं. तुझं, माझं, महागूचं."

मले राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, माणसाच्या नावाले हिंदीत नाम म्हणते ना? माझी बकरीही जाणते."

"ते बाजारच्या हिंदीत. सरकारी हिंदी येगळी असते. तू भजे तळ."

भजे तळ! तेव्हाच झारा घालाले पाहिजे होता त्याच्या टोपीवरच्या विंचवात. पण सगळ्याईले वाटलं, जाऊ दे, वरचे लोकं पाहून घेईन. अन् त्यानं आपल्या हातानं यादी केली. सगळ्यात वर स्वतः. त्याच्याखाली तेजराम, अन् त्याच्याखाली महागू. डोंग्याचा त्यात एक अक्षरही उल्लेख नाही.

वरचे लोकं पाहून घेईन म्हणता? वरचे लोकं त्याच्याहून शहाणे. नव्या खात्यातल्या बाबूनं पाहिलं, नावांची यादी मांगितली होती, यादी आली, तीन नावा. एकीचं नाव शालिकराम, दुसरीचं तेजराम, तिसरीचं महागू. डोंग्याले नाव देतेच लोकं, त्यात त्याले काही वावगं वाटलं नाही. त्यानं उलट माहिती मांगवली. किती जुनी, लांबी किती, बोझ किती उठवते. शालिकराम आम्हाले म्हणाला, "पाहा, नवं खातं माणूस कसं पारखून घेते! पोलिसातल्या भरतीसारखं." त्यानं आपलं वय लिहिलं, उंची लिहिली, अन् बोझ किती तं धानाचं एक पोतं. तेजरामले उभं करून सुतळीनं मोजलं. शेवटी एक सवाल होता, "कहीं से चूती तो नहीं?" म्हणजे कुठून गळत तं नाही. शालिकरामनं ते दोनदा वाचलं अन् छाती काढून म्हणाला, "विचारून राह्यले, माणूस कधी चुकते का. लिहून देतो, कभी नहीं."

हे तेव्हा आम्हाले कोणाले कळलं नाही, हे मी खरं सांगते. कळलं ते जेठ महिन्यात, जेव्हा बालाघाटहून बैलगाडीवर डांबराचा पिपा अन् सुतळीचे गठ्ठे आले. नव्या खात्याचा चपराशी सोबत. तो ओरडला, "शालिकराम, तेजराम और महागू, तीनों को बरसात से पहले डामर लगाना है! पेंदे में दो हाथ!" पेंदा म्हणजे डोंग्याचं बूड.

मंग महागू मटकन खाली बसला अन् असा हसला, असा हसला, का त्याले ठसका लागला. "मुनशीजी," म्हणे, "तुमचा नंबर पहिला. धोतर वर करा."

शालिकरामचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्याले त्याच घडीले समजलं. कानापर्यंत लाल झाला. अन् बापा, तिथंच सारं मिटलं असतं. बालाघाट काही काळ्या पाण्यापलीकडं नव्हतं. सकाळी निघून दुपारी साहेबासमोर उभं राहाचं अन् म्हणाचं, साहेब, माझ्या वाचण्यात चूक झाली, ही माणसं आहे, डोंगे येगळे आहे. साहेब एखादी शिवी देता, अन् झालं असतं. पण हा चपराश्याजवळ गेला, टोपी नीट केली अन् म्हणाला, "लगवा देंगे. आप चाय पीजिए."

चपराशी माझाच चहा प्याला अन् गेला. घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याकडं त्यानं पाहिलंही नाही.

तेजराम अन् महागूचा पगार तिथून बंद. कसा चालू राहीन? डोंग्याले कोणी पगार देते का? तेजराम बिचारा बालाघाटले गेला नव्या दफ्तरात. तिथं काय झालं ते त्यानं मले येऊन सांगितलं. तो बाबूसमोर हात जोडून म्हणाला, "साहब, मेरा नाव तेजराम है." आपण बोलतो तसं बोलला. आपल्या तोंडात नामाचं नावच होते.

बाबू म्हणाला, "हाँ, तेजराम नाव है. दर्ज है हमारे यहाँ. तू अपना नाम बता."

"वही तो, साहब. मेरा नाव तेजराम."

"तेरी नाव? सरकारी नाव को अपनी बोलता है? भाग यहाँ से, नहीं तो पुलिस को दूँगा."

तेजराम परत आला. महागू वारासिवनीच्या राइस मिलवर पोते उचलाले निघून गेला. तेजरामनं मासे धराले जाळं काढलं. दोघाईनं शालिकरामले हात जोडले, का मुनशीजी, एकदा जाऊन सांगा ना. तो म्हणे, "कागद वर गेला आहे. कागदाले आपली चाल असते. आपोआप सुधरते." त्याचा पगार कोणता येऊन राह्यला होता? तो तं नाव क्रमांक एक होता! सासऱ्यानं दिलेले धान कुटून कमला घर चालवाची, पण हा चुकलो म्हणाले तयार नाही.

अन् त्यानं आणखी एक केलं. दोन्ही डोंग्याईले जाड साखळी घातली, कुलूप लावलं, अन् चाबी करदोड्याले बांधली. लोकाईले सांगे, डोंगे जुन्या खात्याचे का नव्या खात्याचे हे ठरल्याशिवाय चालवता येत नाही. खरी गोष्ट येगळी होती. घाट चालू राह्यला तं कोणी ना कोणी साहेब येईन, कागदावर तीन नावा अन् पाण्यात दोन पाहीन, अन् विचारीन, तिसरी कुठं आहे. म्हणून घाटच बंद. उन्हाळ्यात कोणाले काही फरक पडला नाही, लोकं गुडघ्याएवढ्या पाण्यातून चालत जाचे. मंग आखाड लागला, नदी भरली, अन् पलीकडचा काठ तुटला. बालाघाटवरून फिरून जाचं तं पलीकडच्या अंगाचा नाला वाट देत नव्हता. मासे धरणाऱ्या ढिवराईच्या लहान डोंग्या त्या पुरात टिकत नाही.

सावनात एक दिवस सकाळी पलीकडून हाक आली. आमच्या इथं अशीच पद्धत आहे, वारा पडलेला असला अन् माणसानं पोटातून हाक दिली तं नदीवरून ऐकू येते. पलीकडं कमलाचा भाऊ दुलीचंद उभा होता. हातात धोतर, ते हलवून राह्यला. "कमलेऽऽ! मायले बरं नाहीऽऽ! ये वंऽऽ!"

कमलाची माय शांताबाई. ह्या पोरीच्या आधीचा तिले एक दुलीचंदच, अन् कमला तिची लाडाची. कमला घागर तशीच टाकून नवऱ्याकडं धावली. माझ्या डोळ्यादेखतची गोष्ट आहे. शालिकराम टिकटाच्या खोपटात बसला होता. ती म्हणाली, "चाबी द्या. तेजराम नेते मले."

तो म्हणाला, "मेरे अधिकार में नहीं है."

"माय मरून राह्यली माझी. अन् तुम्ही हिंदी बोलता?"

तो मराठीत बोलला मंग, पण बोलला तेच. "डोंगा पुरात गेला तं कोण जबाब देईन? कागद येऊ दे. आज-उद्या येईन."

दुलीचंद रोज सकाळी येऊन हाक देई. रोज. कमला काठावर उभी राहून ओरडे, "येते, दादाऽऽ! मायले सांग येते!" अन् हा खोपटात जाऊन दार लोटून घेई, म्हणजे हाक ऐकू नये. मी एकदा दाराशी जाऊन सांगितलं त्याले, मनात होतं नव्हतं सारं. म्हटलं, "मुर्दाडा, बालाघाटले जाऊन एक गोष्ट सांगाची आहे. तुझी जीभ झडते का? तुझ्या टोपीले आग लागो. ती म्हातारी पोरीचं तोंड पाहाले जीव धरून बसली असंन." तो काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "लीलाबाई, सरकारी कामात बाया बोलत नसते." म्हणजे नदी भरली, घाट बंद, पोरगी रडून राह्यली, अन् याले अजूनही वाटे का तो कप्तान आहे.

कमला पाया पडली त्याच्या. तेही मी पाहिलं. बायको पायावर डोकं ठेवून आहे, अन् हा करदोड्यावरच्या चाबीवर हात दाबून उभा. मले त्या दिवशी भजे तळवले नाही. मी चूल विझवली.

एका सकाळी हाक आली नाही. पाऊस उघडला होता, वारा नव्हता, पलीकडचं झाडन् झाड दिसून राह्यलं होतं, पण दुलीचंद नाही. कमला काठावर बसून होती. तेजराम आला, त्यानं पलीकडं पाहिलं, कमलाकडं पाहिलं, अन् मोठा गोटा उचलला. चार घाव. कुलूप तुटून पाण्यात गेलं. शालिकराम खोपटातून शिटी वाजवत पळत आला! शिटी वाजवत! तेजरामनं कमलाले हात देऊन बसवलं, मीही चढली, अन् डोंगा सुटला.

धार लय होती. तेजरामच्या दंडाच्या शिरा तटतटल्या. अर्ध्या पाण्यात गेल्यावर मले दिसलं, दुलीचंद आहे. काठावरच्या दगडावर बसला आहे. उठला नाही, ओरडला नाही. अजून जवळ गेलो तं दिसलं, त्याचं डोकं भादरलेलं आहे. कमलानंही पाहिलं. ती रडली नाही. तिनं डोंग्याची कड धरली, अन् ती सोडावता सोडावली नाही मले.

काठाले लागल्यावर दुलीचंद म्हणाला, "काल सांजेले गेली. दोन-तीनदा विचारलं, घाट सुरू झाला का म्हणून."

त्याच्यापुढं काय सांगू? राखच राह्यली होती. दहावं-तेरावं करून कमला परत आली, अन् ती परत आली त्याच सुमारास नव्या खात्याचा साहेब आला. जिपनं आला, छत्री घेतलेला, तरणाताठा. शालिकरामनंच निरोप धाडला होता, का तेजरामनं कुलूप तोडलं. तेजराम जेलात जाईन अन् आपण सुटू, असा हिशेब. साहेब माझ्या बाकड्यावर बसला, त्याचा बाबू बाजूले रजिस्टर घेऊन. सारा घाट जमला.

साहेब म्हणाला, "सुना है तेजराम ने ताला तोड़ दिया. बह गई, कि बच गई?"

त्याले वाटलं पुरानं डोंगा सुटला! मी तोंडाले पदर लावला. तेजराम पुढं आला अन् म्हणाले लागला, "साहब, मेरा नाव..." शालिकराम मधातच पडला. "बच गई, साहब! बच गई!" अन् तेजरामकडं डोळे वटारले. एका क्षणात त्याले नवी वाट सापडली होती. डोंगाच सुटला म्हणाचं, पूर होता म्हणाचं, सारं पाण्यात बुडवाचं अन् पुन्हा साखळी घालाची. चुकलो म्हणाचं कामच नाही.

साहेबानं बाबूले लिहाले सांगितलं. मंग विचारलं, "और कोई औरत भी उस पार गई थी. कौन?" लोकाईनं कमलाकडं पाहिलं. ती पुढं आली, डोक्यावर पदर. साहेब चांगल्या आवाजात म्हणाला, "बाई, डरो मत. किस नाव से गई थी? तेजराम से?"

शालिकराम साहेबाच्या मागून मान हलवून राह्यला, हौ म्हण, हौ म्हण. एवढं हौ म्हटलं असतं तं प्रकरण तिथंच मिटलं असतं, अन् घाट पुन्हा बंद झाला असता.

कमला म्हणाली, "तेजराम नाव नहीं है. आदमी है. ये खड़ा है." तिनं तेजरामकडं बोट केलं. "महागू भी आदमी है. मिल में बोरे उठाता है."

साहेब म्हणाला, "तो फिर शालिकराम कौन-सी नाव है?"

आमच्या इथली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. हे, ते, घरचे, असंच म्हणते. लग्नात उखाण्यात घेते तेवढंच. नाव घेतलं तं नवऱ्याचं आयुष्य कमी होते, असं मानते सारे, कमलाही मानत होती. तिले वीस वर्सं मी ओळखत होती, पण तिच्या तोंडून ते नाव मी ऐकलं नव्हतं.

कमलानं डोक्यावरचा पदर मागं केला अन् नवऱ्याकडं बोट दाखवलं. "ये शालिकराम. मेरा घरवाला. ये भी आदमी है, ऐसा लोग बोलते."

म्हाताऱ्या विमलाबाईनं तोंडावर हात ठेवला. "अवं कमले! धन्याचं नाव घेतलं! आयुष्य कमी होते ना वं त्याचं!"

"होऊ दे," कमला म्हणाली. अन् मंग तिनं साहेबाले सारं सांगितलं. यादी, डांबर, साखळी, अन् माय. अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत, पण साहेबाले सारं समजलं. बाबूनं रजिस्टर हळूच मिटून घेतलं, कारण तेजरामच्या पेंद्याले डांबर लागल्याची सही त्याचीच होती.

साहेबानं ते त्याच्या हातून घेऊन बगलेत मारलं. मंग शालिकरामकडं वळून म्हणाला, "एक बार आकर बोल देते कि गलती हुई?"

मले वाटलं, आता तरी. सासू मेली, बायको सगळ्यासमोर उभी, साहेबानं शब्द तोंडात आणून दिला, आता तरी म्हणंन. शालिकरामनं टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. अन् म्हणाला, "साहब, वो सरकारी हिंदी का मामला था."

साहेब थुंकला. पायाजवळ नाही, बाजूले थुंकला, पण थुंकला. साखळी काढाले लावली अन् जिपमध्ये जाऊन बसला. प्रकरण त्याईनं दाबलं, कारण त्यात त्याईच्याही माणसाईची इज्जत होती. तेजराम अन् महागू नावाडी म्हणून लागले. शालिकरामची नोकरीही राह्यली. अशाईची नोकरी जात नसते. टोपी तेवढी त्यानं ठेवून दिली.

लोकाईले वाटलं होतं, कमला माहेरी निघून जाईन. ती कुठं गेली नाही. घर तिचं होतं, धान तिच्या बापानं दिलं होतं, ती कशाले जाईन? त्या दिवशी सांजेले ती दारात आली. घाटावर बाजाराचे लोकं भरले होते, डोंगा आत्ताच लागला होता. तिनं कमरेवर हात ठेवून, पोटातून हाक दिली.

"शालिकराऽऽम! जेवाले ये!"

मुनशीजी नाही, अहो नाही, या नाही. घरगड्याले बोलावते तसं. सारा घाट थांबला अन् वळून पाहाले लागला. तेजरामच्या हातातला बांबू तसाच राह्यला. शालिकराम तिकिटं मोजत होता, त्यानं मान वर केली नाही. तिनं पुन्हा हाक दिली, त्याच्याहून मोठ्यानं. अन् मंग तो उठला, मान खाली घातली, साऱ्या लोकाईच्या मधातून घराकडं चालत गेला.

तेव्हापासून आजपर्यंत ती त्याले रोज अशीच हाक मारते. त्यानं तिले कधी नोको म्हटलं नाही. नोको म्हणाचं तं आधी दुसरं काही म्हणा लागते, अन् ते त्याले अजूनही येत नाही.